विचारा ताईला : तरंगंबाडीला मुक्काम करायचा की नुसतं डोकावायचं?

गेल्या महिन्यात तंजावरच्या मोठ्या देवळातल्या मराठी शिलालेखाबद्दल लिहिलं होतं, तो १८०३ चा, ज्यात भोसले घराण्याचा अख्खा इतिहास भिंतीवर कोरून ठेवलाय. त्यात शेवटी सहज एक ओळ टाकली होती की तंजावरला जाताय तर शंभरेक किलोमीटरवर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडी म्हणून डॅनिश, म्हणजे डेन्मार्कच्या, लोकांचं जुनं गाव आहे, तेही बघून या. बास, एवढंच. शिलालेखावर दोन पत्रं आली, त्यातलं एक माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढणारं. आणि त्या एका ओळीवर मात्र ढीग. म्हणून हा महिना तरंगंबाडीलाच देऊन टाकते.

प्रश्न : ताई, आम्ही सांगलीचे सहाजण, सासूसासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. जानेवारीत चार दिवसांत तंजावर, चिदंबरम, वेलंकणी असं ठरवलंय. गाडीवाला म्हणतो तरंगंबाडीला फोटोपुरते दीड तास पुष्कळ झाले, एक किल्ला आणि एक बीच, बाकी काही नाही. माझे मिस्टर म्हणतात मग वाकडी वाट कशाला करायची? खरंच थांबण्यासारखं आहे का हो?

अगं, वाकडी वाट नाहीच मुळात! चिदंबरमहून कारैकाल, नागपट्टिनम करत वेलंकणीला जाणारा किनाऱ्याचा हायवे तरंगंबाडीवरूनच जातो, तेव्हा मिस्टरांचा मुद्दा पहिल्याच बॉलला आऊट.

गाडीवाला तसा खोटं बोलत नाहीये. बघायच्या गोष्टींची यादी केलीस तर दीड नाही, फार तर अडीच तासांत संपेल. मी पहिल्यांदा गेले तेव्हा असंच केलं होतं, भर दुपारी बाराला उतरलो, किल्ल्यापाशी गेलो तर नेमका शुक्रवार आणि आतलं म्युझियम बंद (तिकडे बऱ्याच सरकारी म्युझियमना शुक्रवारी सुट्टी असते, हे मला माहीत असायला हवं होतं, चूक माझीच), मग बाहेरून फोटो, शहाळं, आणि चला गाडीत बसा. घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, काही विशेष नाही गं, गरम होतं नुसतं. तीन वर्षांनी परत जाणं झालं, गाडी बिघडल्यामुळे रात्र तिथेच काढावी लागली, आणि तेव्हा कळलं की आधी मी ते गाव बघितलंच नव्हतं.

तर माझं ऐकशील तर वेलंकणीची एक रात्र कमी कर आणि ती तरंगंबाडीला दे. दुपारी तीन-साडेतीनला पोच. हायवेवरून गावात वळलं की समोर पांढरीशुभ्र वेस लागते, लाकडी दारांची, वर डॅनिश राजाची खूण. आत्ताची वेस १७९२ ची, त्याआधीची पडली म्हणून नवीन बांधली. ती नुसती जपून ठेवलेली वगैरे नाहीये, तिच्याखालून रिक्षा, मोटरसायकली, शाळेतून सुटलेली पोरं, सगळं जातं-येतं. तिथेच गाडीतून उतरा सगळे आणि ड्रायव्हरला सांग की समुद्रापाशी येऊन थांब. वेशीपासून समुद्रापर्यंत सरळ एकच रस्ता आहे, राजाची गल्ली, किंग्ज स्ट्रीट. सासूबाईंनाही झेपेल एवढाच, आणि चालल्याशिवाय ह्या रस्त्याची मजा नाही.

ह्या रस्त्यावर काय काय आहे ते ओळीने सांगत नाही, पाट्या आहेत तिथे. पण दोन चर्च बघच, एक झायन चर्च १७०१ चं, आणि त्याच्या जवळच न्यू जेरुसलेम चर्च, १७१८ चं. ह्या दुसऱ्याच्या दर्शनी भिंतीवर डॅनिश राजा चौथा फ्रेडरिक ह्याचं मुकुटाचं चिन्ह आहे आणि आत बांधणाऱ्याचीच, झीगेनबाल्गची, कबर. त्या बांधणाऱ्याबद्दल पुढे एका पत्राला उत्तर देतेय तिथे वाच, नाहीतर आत्ताच पानभर होईल.

मग मैदान लागतं, तिथे गव्हर्नरचा बंगला, खांबांचा, आणि समोर पाण्याला टेकून डान्सबोर्ग किल्ला. आपल्या सह्याद्रीतल्या किल्ल्यांची सवय असलेल्या माणसाला हा किल्ला वाटतच नाही, पिवळसर रंगाची बैठी कोठी वाटते. मुलं म्हणतील, एवढासाच? त्यांना वरच्या मजल्यावर ने, तिथल्या दालनाचं छत उंटाच्या मदारींसारखं आहे, असे चार घुमट. खाली गोदामं, कोठडी, स्वयंपाकघर. म्युझियममध्ये चिनी मातीची भांडी, जुने कागद, तलवारी वगैरे आहेत, वीस मिनिटं पुरतात.

किल्ल्याच्या उत्तरेला पाण्याच्या अगदी काठावर एक शंकराचं देऊळ आहे, मासिलामणिनाथर. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं, पांड्य राजा कुलशेखराच्या वेळचं. म्हणजे डॅनिश लोक यायच्या आधी तीनशे वर्षं ते तिथे उभं आहे. त्याचा पुढचा भाग समुद्राने खाल्ला. आता लाटांना अडवायला मोठाले दगड टाकलेत, देवळाला भडक रंग दिलाय, जुन्या फोटोंतली ती अर्धी पडकी, काळी देखणी वास्तू आता दिसत नाही आणि त्यावरून पर्यटक हळहळतात. मला मात्र बरं वाटलं, पूजा चालते, दिवा लागतो, अजून काय पाहिजे देवळाला.

आणि आता खरी गोष्ट. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला उठून सगळ्यांना किनाऱ्यावर ने, मुलं कुरकुर करतील, करू दे. आपल्याला समुद्र म्हटलं की सूर्यास्त. इथे सूर्य पाण्यातून वर येतो, आणि तो यायच्या आधी, अजून नीट दिसत पण नसतं तेव्हा होड्या परत यायला लागलेल्या असतात. एक होडी वाळूला लागते, सातआठ जण पाण्यात उतरून तिला खांदा लावतात, कुणीतरी एकजण सुरात ओरडतो आणि त्या ओरडण्यावर सगळे एकदम जोर लावतात, परत ओरडतो, परत जोर, दर वेळी होडी हातभर वर. मग जाळं पसरतात आणि चारपाच माणसं त्याच्याभोवती बसून एकेक तारली सोडवतात, अंगठ्याने मासळीचं डोकं मागे ढकलायचं, फासातून कल्ले मोकळे करायचे आणि न बघता मागच्या टबात फेकायची. मी मोजत होते, एका म्हाताऱ्याचा हात मिनिटाला वीसच्या खाली येत नव्हता आणि तोंडाने शेजारच्याशी भांडण चालू. तेवढ्यात बायका येतात, टबांभोवती कोंडाळं होतं, बोली लागते, पाच मिनिटांत सगळं संपतं. साडेआठला गेलीस तर फक्त रिकामी वाळू, वाळत घातलेली जाळी आणि कुत्री. ते दीड तासवाले लोक हेच बघून येतात.

प्रश्न : मी नाशिकला इतिहासात एम.ए. करतोय. पोर्तुगीज, डच, इंग्रज, फ्रेंच हे शिकलो, डॅनिशांना पुस्तकात जेमतेम एक ओळ असते. ते इथे करत काय होते? आणि तुम्ही तंजावरच्या मराठ्यांच्या लेखात त्यांचा उल्लेख का केलात, संबंध काय?

बाळा, संबंध बराच आहे, आणि तुझ्या पुस्तकात नाही हे तुझ्या पुस्तकाचं दुर्दैव.

डेन्मार्कच्या राजाने, चौथा ख्रिश्चन त्याचं नाव, १६१६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनी काढली. जहाजं निघाली १६१८ ला, आणि निघाली होती खरं तर सिलोनला, तिथे काही जमलं नाही. पुढे पाठवलेल्या जहाजाचा कप्तान क्रॅपे म्हणून होता, पोर्तुगीजांनी त्याचं जहाज कारैकालजवळ उडवलं, तो मूठभर लोकांबरोबर वाचला आणि थेट तंजावरच्या रघुनाथ नायकाच्या दरबारात पोचला. नायकालाही पोर्तुगीजांना शह द्यायला कुणीतरी हवंच होतं. मग मागून आलेला मुख्य अधिकारी ओवे गेद्दे, वय पंचवीस, म्हणजे तुझ्याएवढाच असेल, त्याने नोव्हेंबर १६२० मध्ये करार केला, कोळ्यांच्या गावात किल्ला बांधायची परवानगी, बदल्यात वर्षाला भाडं. नायकाने डेन्मार्कच्या राजाला सोन्याच्या पत्र्यावर लिहिलेलं पत्र पाठवलं, ते अजून कोपनहेगनला जपून ठेवलंय.

पुढे १६७६ च्या सुमारास तंजावर व्यंकोजीराजांकडे आलं, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ. म्हणजे डॅनिशांचे जमीनमालक आता मराठे झाले. हा झाला पहिला संबंध.

पण त्याआधीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १६४० च्या आसपास डेन्मार्कहून जहाजं यायची बंद झाली, युरोपात लढाया, कंपनीकडे पैसा नाही, आणि जवळजवळ एकोणतीस वर्षं एकही जहाज आलं नाही. एकही! इथले डॅनिश एकेक करून मेले, पळाले, आणि १६५५ पासून किल्ल्यावर उरला एकटा एस्किल्ड कोंग्सबाके म्हणून साधा माणूस, मोठ्या घरचा वगैरे नाही. त्याने काय केलं, तर स्थानिक लोकांना हाताशी धरून किल्ला राखला, बंगालच्या जहाजांवर धाडी घालून खर्च भागवला आणि वर गावाभोवती तटबंदी घातली. १६६९ मध्ये शेवटी एक डॅनिश जहाज आलं तेव्हा झेंडा अजून वर होता. मी त्या किल्ल्याच्या गच्चीवर उभी राहिले ना तेव्हा माझ्या डोक्यात राजेबिजे काही नव्हते, हा एकटा माणूस रोज सकाळी क्षितिजाकडे बघत असेल तेवढंच होतं.

आता दुसरा संबंध. १७०६ च्या जुलैत दोन जर्मन तरुण इथे उतरले, झीगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाऊ, डॅनिश राजाने पाठवलेले मिशनरी. झीगेनबाल्ग दुसऱ्या दिवशी चोवीस वर्षांचा झाला. त्याने तमिळ शिकायला काय करावं, तर गावातल्या पंतोजींची शाळाच घरी बोलावली आणि पोरांबरोबर जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरं गिरवली. कंपनीच्या अधिकाऱ्यांचं आणि त्याचं कधी पटलं नाही, इथल्याच गव्हर्नरने त्याला चार महिने किल्ल्यात डांबलं होतं. तरी १७१२ ला छापखाना मागवला, जर्मनीतल्या हाले गावाहून तमिळ खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, आले, ते एवढे मोठे की कागद पुरेना, मग इथेच लहान खिळे ओतले, इंग्लंडहून आलेल्या चीजच्या डब्यांचं शिसं वितळवून ओतले असं सांगतात. शेजारच्या पोरैयारला कागदाची गिरणी काढली. १७१५ पर्यंत बायबलचा नवा करार तमिळमध्ये छापून झाला. (हे पहिलं तमिळ पुस्तक असं गाइड सांगतील, ऐकून सोडून दे, कोल्लमला १५७८ मध्येच तमिळ छापलं गेलं होतं.) माणूस छत्तिसाव्या वर्षी गेला, १७१९ ला. त्याचं घर आता म्युझियम आहे, छपाईत रस असेल तर किल्ल्यापेक्षा तिथे जास्त वेळ दे.

ह्याच मिशनमध्ये १७५० ला श्वार्त्झ नावाचा मिशनरी आला. तो पुढे तंजावरला गेला, तुळजाजी राजांनी मरताना दत्तक मुलाची काळजी त्याच्यावर टाकली, तो मुलगा म्हणजे सरफोजी दुसरे. श्वार्त्झ १७९८ ला गेला तेव्हा सरफोजींनी फ्लॅक्समन ह्या नावाजलेल्या इंग्रज शिल्पकाराकडून त्याचं संगमरवरी स्मारक करून घेतलं, तंजावरच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये आहे, त्यात राजे स्वतः म्हाताऱ्याच्या मरणशय्येपाशी उभे दाखवलेत, पगडीसकट. लोक मोठं देऊळ बघतात, सरस्वती महाल ग्रंथालय बघतात आणि हे बघतच नाहीत. त्याच्या कबरीवर राजांनी स्वतः इंग्रजीत कविता पण लिहिली. आणि मग १८०५ च्या सुमारास ह्याच सरफोजींनी तंजावरला देवनागरी छापखाना काढला, त्यातून १८०६ ला इसापच्या गोष्टी मराठीत छापून निघाल्या. पुण्या-मुंबईत तेव्हा मराठी छापखान्याचा पत्ता नव्हता!

गंमत पुढेच आहे. त्याच १८०५ साली विल्यम केरीचं मराठी व्याकरण छापलं गेलं ते बंगालमधल्या श्रीरामपूरला, आणि श्रीरामपूर हीही डॅनिशांचीच वसाहत, इंग्रज कंपनी मिशनऱ्यांना आपल्या हद्दीत थारा देत नव्हती म्हणून केरी डॅनिश झेंड्याखाली जाऊन राहिला होता. तरंगंबाडी आणि श्रीरामपूर ही दोन्ही गावं डॅनिशांनी १८४५ मध्ये एकाच व्यवहारात इंग्रजांना विकली, साडेबारा लाख रुपयांना. डॅनिशांचं आणि छापील मराठीचं हे नातं तुझ्या एम.ए.च्या प्रबंधाला पुरेल, बघ विचार करून. आणि केलास तर एक प्रत मला.

प्रश्न : आम्ही अलिबागकडचे कोळी. घरच्या दोन होड्या. तिकडचे मच्छीमार कशी मासेमारी करतात, कुठली मासळी, खायला काय मिळतं ते सांगा. बाकी चर्च आणि राजे तुम्ही लिहालच.

दादा, तुमचं पत्र वाचून हसले, बरोबर ओळखलंत.

तिकडे फायबरच्या होड्या जास्त, वाळूवरून ढकलायच्या, कारण किनारा सरळसोट, आपल्यासारख्या खाड्या नाहीत की आत जाऊन बंदराला लागा. पूर्वी सगळं कट्टुमरम वर चालायचं. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड, ओंडके दोरीने बांधलेले, वापरून झाले की सोडून वाळत टाकायचे. इंग्रजीतला कॅटमरान शब्द तिथून गेलाय. आता अगदी एखाददुसरा दिसतो, तोही लहान पोरं खेळायला घेतात. बंदी तिकडे आपल्या आधी, आपली १ जून ते ३१ जुलै, त्यांची १५ एप्रिल ते १४ जून, ६१ दिवस, आणि ती मोठ्या यांत्रिक बोटींना. म्हणजे तुमच्या होड्या जून-जुलैत वर ओढलेल्या असतात, त्यातले जूनचे शेवटचे दिवस किंवा जुलै धरून गेलात तर तिकडचा धंदा जोरात चाललेला बघायला मिळेल. गरम होईल, पण तुम्हाला काय सांगायचं उन्हाचं.

मासळीची नावं पाठ करून जा, हॉटेलात मेन्यू बघून गोंधळ होतो. वंजरम म्हणजे सुरमई. वव्वाल म्हणजे पापलेट. मत्ती म्हणजे तारली. कोडुवा म्हणजे आपला जिताडा. नंडु खेकडा, इराल कोळंबी. सुरा म्हणजे मोरी, आणि तिचा सुरा पुट्टु करतात, मोरी उकडून, काटे काढून, कुस्करून कांदा-लसूण-मिरचीत परतलेली, हे खाल्ल्याशिवाय येऊ नका. बाळंतिणीला देतात तिकडे, आपल्याकडेही मोरी देतातच की. कालवणाला ते मीन कुळंबु म्हणतात, कोकम नाही, त्रिफळं नाही, भरपूर चिंच आणि तिळाचं तेल. पहिल्या घासाला तुम्हाला चुकल्यासारखं वाटेल. दुसऱ्या दिवशीचं शिळं कुळंबु मिळालं तर मात्र बोटं चाटाल, खानावळवाल्याला विचारून बघा, ते हसतात पण देतात.

एक सांगते, तुम्ही समजून घ्याल म्हणून. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी ह्या किनाऱ्यावर फार जोरात बसली, नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसं गेली, आणि तेव्हा तरंगंबाडी त्याच जिल्ह्यात होतं (२०२० पासून मयिलाडुदुरै जिल्हा झालाय). कोळीवाड्यातली किती घरं पार गेली, मग समुद्रापासून आत नवीन वसाहती बांधल्या. पर्यटक जातात आणि पहिलाच प्रश्न त्याचाच विचारतात. तुम्ही जाळ्याबद्दल विचारा, दोराबद्दल विचारा, डिझेलच्या भावाबद्दल विचारा. मी बघितलंय, एक रत्नागिरीकडचे गृहस्थ खुणांनी गाठ मारायची पद्धत दाखवत होते तर दहा माणसं जमली, भाषा कुणाला कुणाची येत नव्हती आणि अर्धा तास चर्चा रंगली.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत जायचा विचार आहे. चालेल का?

नाही! प्लीज नको. आपली सगळी मंडळी हीच चूक करतात, आपला पाऊस संपला की सगळ्या देशाचा संपला असं समजतात. त्या किनाऱ्याला खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी, आणि वादळंही तेव्हाच. जानेवारीच्या मध्यावर पोंगल असतो तेव्हा गर्दी आणि बुकिंग मिळत नाही, तो होऊ दे, मग जानेवारीअखेर ते मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उत्तम. मे महिन्यात जायचंच असेल तर माझं नाव सांगू नका कुणाला.

प्रश्न : स्पष्ट लिहितो, राग मानू नये. परकीयांनी आपल्याला लुटलं, त्यांच्या कोठ्या आणि चर्चं रंगवून आपण "हेरिटेज" म्हणून मिरवतो आणि तुमच्यासारखे लेखक त्याची जाहिरात करतात. मी ७१ वर्षांचा आहे, माझ्या वडिलांनी बेचाळीसला तुरुंग भोगलाय. ह्या गुलामीच्या खुणा बघायला मी पैसे का घालवावे?

काका, राग कसला, तुमच्या वडिलांना नमस्कार.

तुमचं म्हणणं मला अर्धं पटतं. त्या गावातल्या पाट्यांवर आणि माहितीपत्रकांत सगळं फार गोड गोड आहे, मिरी, कापड, व्यापार, मैत्री. ह्याच कंपनीने सुरुवातीच्या काळात ह्याच किनाऱ्यावरून माणसं गुलाम म्हणून विकत घेऊन जहाजांवर भरली, ते कुठल्या पाटीवर मला दिसलं नाही. ते लिहायला हवं. पण न जाण्याने ते लिहिलं जाणार नाही ना. आणि मला विचाराल तर ते गाव डॅनिशांचं कधी नव्हतंच. त्यांच्याआधी तीनशे वर्षांचं देऊळ तिथे आहे, त्यांच्या बरोबरीने सोनारगल्लीतली ओट्याची तमिळ घरं आहेत, ती आता नीट दुरुस्त केलीत, बघण्यासारखी झालीत. डॅनिश विकून गेले, इंग्रजांनी पंधरा वर्षांत कलेक्टर कचेरी तंजावरला हलवली, गाव विसरलं गेलं, पुढे छोटी रेल्वे आली तीही १९८६ ला बंद झाली. ह्या सगळ्यांत कोळ्यांनी एक दिवस होडी घालायची थांबवली नाही. तुम्ही त्यांचं गाव बघायला जा, किल्ला वाटेत आहे म्हणून बघा. तरीही नको वाटलं तर मोडीत काढा माझं म्हणणं, तंजावरचा शिलालेख बघून परत या.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी, साठी ओलांडलेल्या, पुण्याच्या. गाडी न करता जमेल का? तमिळ येत नाही. राहायचं कुठे?

अगदी जमेल गं. चेन्नईला उतरलात तर लक्षात ठेवा, मुंबईच्या काही गाड्या सेंट्रलला येतात आणि मयिलाडुदुरैच्या (तरंगंबाडीसाठी उतरायचं स्टेशन) बहुतेक गाड्या एग्मोरहून सुटतात, मध्ये रिक्षा करावी लागते, दोन तास हाताशी ठेवा. मयिलाडुदुरैहून तरंगंबाडी तीसेक किलोमीटर, बस सतत असतात. बसवर तमिळमध्येच पाटी असते, ड्रायव्हरला नुसतं "तरंगंबाडी?" विचारायचं. किंवा "पोरैयार", ते अगदी शेजारचं गाव आणि बसस्टँड तिथे. साधं लॉजही पोरैयारला मिळेल, जास्त पर्याय हवे तर कारैकालला, साधारण पंधरा किलोमीटर. गावातच राहायचं तर समुद्रावरच्या जुन्या कलेक्टर बंगल्याचं हेरिटेज हॉटेल झालंय, महाग आहे, पण पहाटे अंथरुणातून उठून थेट किनाऱ्यावर जाता येतं आणि साठी ओलांडल्यावर एवढी चैन चालते. पैसे दोघींत वाटले जातील.

भाषेचं म्हणाल तर हिंदीचा उपयोग शून्य, तोडकं इंग्रजी आणि हातवारे. "अक्का" म्हणजे ताई आणि "अण्णा" म्हणजे दादा, ह्या दोन शब्दांवर माझे चार दिवस निघाले. अंधार पडल्यावर किनाऱ्याच्या दगडांवर जाऊ नका, निसरडे असतात, आणि पाण्यात पोहायला तर अजिबात नको, ओढ फार आहे.

एक शेवटचं, अलिबागच्या दादांसाठीही. बाजारात सुकी मासळी मिळते, करुवाडु म्हणतात, मी नेत्तिली घेतली होती, बारीक, चंदेरी, एकदम कुरकुरीत होते तव्यावर. नीट बांधून आणा. मी एकाच पिशवीत आणली आणि एग्मोरला जाणाऱ्या गाडीत समोरच्या सीटवरचं शाकाहारी कुटुंब दुसऱ्याच स्टेशनला डबा बदलून गेलं. तीन पिशव्या, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर परत एक पिशवी. आणि ती सॅक खिडकीशी ठेवा.